खिशातल्या चाकूकडून काय मागावे?

आमचे एक स्नेही आहेत. वस्तू पारखून घेण्याचा त्यांना छंद आहे, आणि पारखून घेतलेली वस्तूदेखील शेवटी कशी फसवी निघाली हे चारचौघांत सांगण्याचा त्याहूनही मोठा छंद आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांचा पुतण्या परदेशातून आला, त्याच्याकरवी त्यांनी एक घडीचा चाकू मागविला होता. जुन्या घाटाचा, दोन पात्यांचा, मूठ गुरांच्या नळीच्या हाडाची, तीवर कोरीव खाचा. एका रविवारी सकाळी ते तो घेऊन आमच्याकडे आले, खिडकीशी उभे राहिले, चाकू डोळ्यासमोर आडवा धरला आणि म्हणाले, "हे पाहा." आम्ही पाहिले. पाठीची पोलादी कमान आणि तिच्या लगतचे पितळेचे अस्तर यांच्यामध्ये केसाएवढी उजेडाची रेघ दिसत होती. "एवढे पैसे मोजले आणि आरपार उजेड दिसतो! परत करू की नको, तेवढे सांगा."

प्रश्न साधा होता, पण उत्तर आम्हांला चटकन देता येईना. चाकू महिनाभर आमच्याकडे ठेवून जा, मग सांगतो, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. त्या महिन्यात जे वाचले, आठवले आणि हाताने करून पाहिले, त्याचाच हा लेख झाला आहे. वसंत व्याख्यानमालेच्या संग्रहात गीतारहस्य आणि अर्थसंकल्प यांच्या शेजारी चाकू बसलेला पाहून कोणी भुवया उंचावतील. पण माणसाने दुसऱ्या माणसाच्या हातच्या कामाकडून किती मागावे, हा प्रश्न व्याख्यानमालेच्या बाहेरचा आहे असे आम्हांला वाटत नाही.

प्रथम चाकू कोणता ते सांगितले पाहिजे. घडीचा चाकू म्हटले की आपल्याकडे डोळ्यासमोर येतो तो रामपुरी, आणि त्याच्यामागून पडद्यावरचा खलनायक. तो आमचा विषय नव्हे. आम्ही बोलतो आहोत ते चार बोटे लांबीच्या, खिशात निमूटपणे पडून राहणाऱ्या चाकूविषयी. इंग्रजीत त्याच्या एका धाकट्या जातीला आजही लेखणीचा चाकू म्हणतात, कारण पिसाची लेखणी तासण्यासाठी तो जन्माला आला. आपल्याकडे कारकुनाच्या कलमदानात बोरू तासण्याची जी छोटी सुरी असे, तिचाच तो सोयरा. फळ सोलणे, सुतळी कापणे, पाकीट फोडणे, पेन्सिलीला टोक करणे ही याची कामे. याला कुलूप नसते. पाते उघडे राहते ते केवळ पाठीच्या कमानीच्या दाबावर. म्हणून अशा चाकूने भोसकावयास जाणाऱ्याची स्वतःचीच बोटे कापली जातात, आणि तो दोष चाकूचा नव्हे.

या वस्तूची रचना दिसते त्याहून नाजूक आहे. पात्याच्या बुडाला एक भोक असते, त्यातून खीळ गेलेली असते, आणि तिच्याभोवती पाते फिरते. पात्याचे हे बूड चौकोनी घडविलेले असते. मुठीच्या पाठीतून एक पोलादी कमान जाते. तिचे टोक त्या चौकोनी बुडावर सतत दाबून बसलेले असते. पाते उघडू लागलो की बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो, कमान ताणली जाते, आणि कोपरा ओलांडला की ती पुढच्या सपाटीवर खट्‌कन बसते. मिटताना तेच उलटे. सारी किमया एवढीच. पण ती साधावयाची तर बूड आणि कमान एकमेकांसाठी घासली गेली पाहिजेत. एका चाकूची कमान उचलून दुसऱ्याला लावली तर ती बहुधा बसणार नाही. शेफील्डच्या कारागिरांमध्ये या संदर्भात एक म्हणणे रूढ होते: चाकूला चालता आले पाहिजे आणि बोलताही आले पाहिजे. चालणे म्हणजे पाते मधल्या वाटेत कोठेही न अडता, न खरखरता सरकणे. बोलणे म्हणजे शेवटी येणारा तो स्वच्छ खटका. चांगला चाकू कानाने ओळखता येतो. आमच्या स्नेह्यांचा चाकू चालत होता, बोलतही होता. पण त्यांनी तो ऐकला नव्हता. उजेडाकडे धरला होता.

आता त्या फटीचे पाहू. कमान, दोन्ही बाजूंची पितळी अस्तरे आणि त्यांवरच्या हाडाच्या फळ्या हे सारे एकमेकांवर रचून खिळ्यांनी आवळलेले असते. सर्व थर अगदी सपाट असतील आणि खिळे नीट ठोकले असतील तर उजेड दिसत नाही. दिसला, तर कोठे तरी घाई झाली, एवढे निश्चित. ही घाई मोठ्या किमतीच्या चाकूत क्षम्य नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. परंतु या फटीमुळे चाकू कमी कापतो काय? लवकर मोडतो काय? नाही. फार तर खिशातला भुसा तिच्यात जाऊन बसेल. याच्या उलट पाते उघडून त्याचे टोक चिमटीत धरावे आणि उजवी-डावीकडे हलवून पाहावे. ते लटलटले, तर खीळ सैल आहे. ज्यांच्या घरी जुना अडकित्ता आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको: खीळ सैल झाली की अडकित्ता सुपारी कातरीत नाही, चिरडतो. आजोबांच्या अडकित्त्याची लटलट आपण सोसतो, हातोडीने खिळीवर दोन ठोके मारून काम भागवितो. पण नव्या अडकित्त्याची सोसत नाही. नव्या चाकूलाही हाच न्याय लावावा.

दुसरी परीक्षा पाठीवरून बोट फिरविण्याची. पाते पूर्ण मिटलेले असताना कमान पाठीशी समतल असावी, आणि पूर्ण उघडल्यावरही असावी. काही चाकूंत पाते अर्ध्यावर, काटकोनात, क्षणभर थांबते. तेथेही ती समतल राहिली तर समजावे की हात जाणत्याचा आहे. कारण बुडाच्या तिन्ही सपाट्या खिळीपासून सारख्या अंतरावर आल्याशिवाय हे जमत नाही, आणि एका ठिकाणी किंचित जास्त घासले गेले तर ते परत भरून काढता येत नाही.

तिसरी परीक्षा बहुतेक लोक करीतच नाहीत, आणि आमच्या मते ती पहिल्या दोहोंपेक्षा महत्त्वाची आहे. पाते मिटताना शेवटी हातातून सोडून द्यावे, म्हणजे कमान ते आत ओढून घेते. अशा वेळी धार कमानीच्या आतल्या अंगावर आपटता कामा नये. ती आपटू नये म्हणून पात्याच्या बुडापाशी, धार जेथे सुरू होते त्याच्या अलीकडे, एक बारीक उंचवटा राखलेला असतो. मिटल्यावर पात्याचा भार त्या उंचवट्यावर टेकतो आणि धार अधांतरी राहते. कारागिराने हा उंचवटा गरजेपेक्षा जास्त घासला की धार दर वेळी पोलादावर आपटते आणि त्या जागी बोथट होत जाते. आजच लावलेली धार संध्याकाळी पाहावी तर मध्यभागी चमकणारा ठिपका! हा दोष बाहेरून कसलाच दिसत नाही, आणि चाकूचे जे एकमेव काम त्याच्याच मुळावर येतो.

उलटपक्षी, जे दोष दिसतात त्यांतले कित्येक मुळी दोषच नसतात. एकाच टोकाला दोन पाती असतील तर ती मिटताना एकमेकांना घासू नयेत म्हणून कारागीर त्यांची बुडे मुद्दाम किंचित वाकवितो. नवखा गिऱ्हाईक पाते वाकडे आले म्हणून कुरकुरतो. ते वाकडे आले नसते तरच कुरकुरावयास हवे होते. सांबरशिंगाच्या मुठीचेही तसेच. शेफील्डला आणि अमेरिकेला हे शिंग दीर्घकाळ आपल्या देशातूनच जात असे. सांबर दर वर्षी शिंगे टाकतो, ती जंगलातून गोळा केली जात. गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडून त्याची निर्यात बंद झाली आणि परदेशी चाकूवाल्यांना ते दुर्मिळ झाले. शिंगाचे दोन तुकडे कधीच सारखे नसतात. एकाची फळी फुगीर तर दुसऱ्याची बसकी. ज्याला दोन्ही अंगे आरशासारखी सारखी हवीत त्याने प्लॅस्टिकची मूठ घ्यावी. ती वाईट असते असे नव्हे.

किती मागावे हे पुष्कळदा त्या वस्तूने काय कबूल केले आहे यावर अवलंबून असते. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात १८९० साली जोसेफ ओपिनेल याने एक शेतकरी चाकू केला: लाकडी गोल मूठ, तिला एक चीर, चिरेत पाते, कमान नाही, अस्तर नाही. पुढे १९५५ मध्ये पाते पक्के धरून ठेवणारी फिरती कडी त्याला आली. मूठ लाकडाची असल्यामुळे ती पाण्याने फुगते आणि पाते आत अडकून बसते. यावर कारखान्याला पत्रे पाठविण्याऐवजी तिकडच्या लोकांनी एक युक्ती काढली: मुठीचे टोक टेबलावर ठक्‌कन आपटावे, म्हणजे पात्याचे टोक आपोआप बाहेर येते. त्या युक्तीला 'साव्हुआवाल्याचा ठोका' असे नावही आहे. जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी याहूनही साधा. पत्रा दुमडून केलेली मूठ आणि बुडाला निघालेली एक छोटी दांडी. ती अंगठ्याने दाबली की पाते बाहेर. त्यात फटी शोधू लागलो तर सारा चाकूच फट आहे! पण त्याचे पाते पाहावे. जपानी लोहाराने सारे कसब तेवढ्या एका जागी ओतलेले असते. या दोन चाकूंपुढे स्नेह्यांची उजेडाची रेघ नेली तर तिला काही अर्थच उरत नाही. मात्र त्यांच्या चाकूने स्वतःला उंची म्हणवून घेतले होते, आणि किंमतही तशीच लावली होती, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे.

येथवर आपण बोललो ते जोडणीविषयी. चाकूचा जीव मात्र जोडणीत नसतो, तो पाण्यात असतो. आपल्या भाषेत लोहार हत्याराला 'पाणी देतो', आणि माणसाचे 'पाणी जोखणे' हा शब्दप्रयोगही त्याच भट्टीतून आलेला दिसतो. शंभरात सुमारे एक भाग कार्बन असलेले पोलाद साधारण ८०० अंशांपर्यंत लाल तापवून तेलात किंवा पाण्यात एकदम बुडविले की ते काचेसारखे कठीण होते, आणि काचेसारखेच ठिसूळही. मग ते पुन्हा हलके तापवावे लागते. घासून उजळ केलेल्या पोलादावर या वेळी रंग चढू लागतात. २३० अंशांच्या आसपास वाळल्या गवताचा पिवळा, पुढे तपकिरी, मग जांभळा, ३०० च्या सुमारास निळा. पात्यासाठी पिवळ्यावर थांबावयाचे, कमानीसाठी निळ्यापर्यंत जावयाचे. कारण पात्याला काठिण्य हवे आणि कमानीला लवचीकपणा. आज ही कामे यंत्रभट्टीत मोजून होतात. पूर्वी ती डोळ्यांनी होत. कशीही झाली तरी गिऱ्हाइकाला त्यातले काही दिसत नाही. पिवळ्यावर थांबलेले पाते आणि चुकून निळे झालेले पाते झिलई केल्यावर सारखेच चमकते.

सारखेच चमकते एवढेच नव्हे, तर चमकविण्याच्या नादात चांगले पाणी उतरूही शकते! पात्याची धारेकडची बाजू कागदासारखी पातळ असते. फिरत्या सहाणेवर किंवा झिलईच्या चाकावर ती घाईने दाबून धरली की क्षणात तापते, रंग बदलते, आणि तेवढा भाग मऊ पडतो. पुढे झिलईत तो रंगही पुसला जातो. म्हणजे आरशासारखे पाते मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आरसा मिळतो. धार मिळेलच असे नाही. गिऱ्हाईक जे तपासतो तेच कारागीर सुधारीत जातो, कारण परत आलेल्या मालाचा खर्च त्याच्या अंगावर पडतो. सर्वांनी चाकू उजेडाकडेच धरले तर उजेड न दिसणारे चाकू बाजारात येतील. त्यांना पाणी असेल की नाही हे विचारणारा कोणी उरणार नाही.

कारागीरदेखील आपण होऊन नेहमी चांगल्याच्या बाजूचा असतो, अशी भाबडी समजूत करून घेऊ नये. अठराव्या शतकाच्या मध्यास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीला घड्याळाच्या कमानीसाठी चांगले पोलाद मिळेना. १७४० च्या दशकात शेफील्डजवळ त्याने पोलाद मुशीत पूर्ण वितळवून एकजीव करण्याची रीत बसविली. हे पोलाद आधीच्या कोणत्याही इंग्रजी पोलादापेक्षा सरस होते. शेफील्डच्या चाकूवाल्यांनी ते घेण्याचे नाकारले! ते घडविण्यास फार कठीण जाते, हे कारण. हंट्समनने ते फ्रान्सला विकले. तिकडचे चाकू इंग्लंडात येऊन अधिक पसंत पडू लागले, तेव्हा कोठे शेफील्डचे डोळे उघडले. पुढे त्याच मुशीच्या पोलादावर त्या गावाने जगाची बाजारपेठ काबीज केली.

मुशीत पोलाद करण्याची विद्या आपल्या देशात मात्र फार जुनी होती. १७९४ च्या सुमारास डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्याकडे 'वूट्झ' पोलादाचे नमुने पाठविले. १७९५ मध्ये जॉर्ज पीअरसन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. त्या पोलादाचे गुण हाताने पाहणारा माणूस कोण? जेम्स स्टोडार्ट, लंडनचा एक चाकूवाला. बारीक धारेच्या हत्यारांना हे पोलाद उत्तम, असे त्याचे मत पडले. आणि पुढे १८२० च्या सुमारास याच स्टोडार्टबरोबर तरुण मायकेल फॅरडे वूट्झचे रहस्य उलगडण्याचे प्रयोग करीत बसला होता. विजेच्या शास्त्राचा पुढचा महापुरुष एका चाकूवाल्याच्या संगतीने हिंदुस्थानी पोलाद वितळवीत होता, ही गोष्ट आमच्या पाठ्यपुस्तकात असती तर बरे झाले असते.

गंजाचे प्रकरण याच्याशीच निगडित आहे. १९१३ साली शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली याने न गंजणारे पोलाद ओतले. त्याला पाणी देण्याची रीत निराळी होती, ती हाती येईपर्यंत त्याची पाती धरेनात, आणि 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक' अशी त्याची थट्टा झाली. आज ती अडचण राहिलेली नाही. उत्तम धार धरणारी न गंजणारी पोलादे सर्रास मिळतात. तरीही जुन्या घाटाचे चाकू घेणारे पुष्कळजण साधे कार्बनचे पोलादच मागतात, कारण घरच्या दगडावर त्याला चटकन धार येते. ज्याने ते मागून घेतले त्याने मग ते काळे पडते अशी तक्रार करू नये. ते काळे पडणारच. पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवावे लागते. आपल्या आयांनी विळीची निगा राखली तितकीच निगा.

जे दिसत नाही ते गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? याचे जुने उत्तर होते: नावावरून. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यात शेफील्डच्या सुरीचा उल्लेख सापडतो, म्हणजे गावाची कीर्ती तेव्हापासूनची. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तेथे चाकूवाल्यांची कंपनी स्थापन झाली. एक प्रमुख, दोन पालक, सहा झडती घेणारे आणि चोवीस साहाय्यक असे तिचे मंडळ होते. ते सहा झडतीवाले आम्हांला विशेष वाटतात. खोटा, फसवा माल शोधून काढणे हे त्यांचे काम. प्रत्येक उस्तादाची खूण कंपनीच्या दप्तरी नोंदलेली असे, आणि ती पात्यावर ठोकावी लागे. पात्याचे पाणी दिसत नाही, पण त्याची जबाबदारी कोणाची हे खुणेवरून दिसे. जोसेफ रॉजर्स यांचा तारा आणि क्रूस, जॉर्ज वोस्टनहोम यांचे 'आय एक्स एल' ही अक्षरे, या खुणा पुढे सातासमुद्रापार ओळखल्या जाऊ लागल्या.

नाव मोठे झाले की त्याची चोरी सुरू होते. एकोणिसाव्या शतकात जर्मनीहून स्वस्त चाकू शेफील्डचे नाव ठोकून येऊ लागले. त्या ओरडीचा परिणाम म्हणून १८८७ चा व्यापारी खुणांचा कायदा झाला आणि परक्या मालावर कोठला ते लिहिणे भाग पडले. गंमत अशी की, ज्या झोलिंगेन गावाच्या मालाविरुद्ध ही ओरड होती त्या गावाचे नाव पुढे स्वतःच इतके वजनदार झाले की १९३८ साली जर्मनीला त्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. याहून करुण कथा फ्रान्समधल्या लायोल गावाची. कमानीवर माशी कोरलेला लायोल चाकू तेथे १८२९ च्या सुमारास निघाला; पुढे त्याचे बरेचसे काम थिएर या चाकूंच्या मोठ्या गावाकडे गेले; १९८७ मध्ये मूळ गावी पुन्हा कारखाना उभा राहिला. तोवर त्या नावाचे चाकू दूरदूरच्या देशांतही बनू लागले होते, आणि १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका व्यावसायिकाने ते नावच आपल्या मालकीचे म्हणून नोंदवून टाकले. न्यायालयात हार झाली तेव्हा २०१२ साली गावकऱ्यांनी वेशीवरची गावाची पाटी काढून निषेध केला. नाव पाहून चाकू घ्यावा, हा सल्ला आजच्या काळी एवढाच पुरतो! नावाबरोबर ते ठोकणारा हात कोणता, हेही विचारावे लागते.

त्या हाताविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शेफील्डचे पुष्कळसे काम मोठ्या कारखान्यांत नव्हे, तर 'लिट्ल मेस्टर' म्हणजे छोट्या उस्तादांच्या खोल्यांत होई. भाड्याने घेतलेली एक बैठक, वाफेच्या इंजिनावर फिरणारी सहाण, आणि मजुरी नगावर. सहाणेवर पाती घासणारे तिच्यावर ओणवे बसत. दगडाची आणि पोलादाची धूळ थेट छातीत. ओल्या दगडावर काम करणारे काही वर्षे अधिक काढीत. कोरड्या दगडावर काटे घासणाऱ्यांना तर ऐन तारुण्यात खोकला धरी आणि चाळिशी दिसत नसे. डॉ. कॅल्व्हर्ट हॉलंड यांनी १८४३ मध्ये या रोगावर पुस्तक लिहिले. धूळ ओढून नेणारे पंखे निघाले, तोंडापुढे धरावयाची लोहचुंबकाची जाळीही एकाने केली. पण खुद्द कामगारांनीच पुष्कळदा ती नको म्हटली. कारण? माणसे जास्त जगली तर धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी उतरेल. हे आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. संग्रहालयाच्या काचेआड मांडलेले त्या काळचे चाकू, त्यांच्या न दिसणाऱ्या फटी आणि आरशासारखी पाती, आजच्या कारागिरासमोर आदर्श म्हणून ठेवली जातात. ती ज्या दराने झाली तो दर आज कोणी लावू म्हटले तर कायदा आड येईल, आणि आला पाहिजे. तेव्हा आजच्या चाकूत त्या काळची जोडणी मागणाऱ्याने तिची आजची मजुरीही मोजावयास तयार असावे; मजुरी न मोजता मागणी तेवढी करणे हे आम्हांला बरे वाटत नाही.

त्या परंपरेतले शेवटचे नामवंत म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते स्टॅन शॉ १९२६ साली जन्मले, १९४१ मध्ये शिकाऊ म्हणून लागले आणि २०२१ मध्ये वारले. एकटे बसून, पात्यापासून मुठीपर्यंत सारे स्वतःच्या हाताने करीत. अशा माणसाच्या चाकूची वाट गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षे पाहावी यात नवल नाही. परंतु सर्वांनाच स्टॅन शॉ भेटत नाहीत. बाकीच्यांना कारखान्याचा चाकू घ्यावा लागतो, आणि कारखान्यात घाई असतेच.

आता स्नेह्यांच्या चाकूकडे परत येऊ. चैत्र संपता संपता आमच्या घरी कैऱ्या आल्या. तक्कू आणि मेथांबा यांच्या निमित्ताने आम्ही त्या साऱ्या त्याच चाकूने सोलल्या. आंबटाने पाते पहिल्या दिवशी निळसर, तिसऱ्या दिवशी राखी आणि आठवड्याने काळपट झाले. त्याखेरीज सुतळी, पुठ्ठे, पेन्सिली, एकदा तर बागेतली नळी. धार टिकली, चार दिवसांनी दगडावर आठ-दहा हात फिरविले की वर्तमानपत्राचा कागद सरळ चिरीत जाई. पाणी उत्तम होते. पाते लटलटले नाही. फटीने आम्हांला एकदाही त्रास दिला नाही. पण दहाव्या दिवशी मोठ्या पात्याच्या धारेवर मधोमध एक चमकणारा ठिपका दिसला. दगडावर घालविला; दोन दिवसांत पुन्हा आला. पाते हळू मिटले तर येत नसे, सोडून दिले की येई. बुडापाशी राखावयाचा तो उंचवटा कारागिराच्या हातून अंमळ जास्त घासला गेला होता.

महिना भरताच स्नेही हजर झाले. चाकू हातात घेताच ते ओरडले, "अहो, हा काळा केलात की!" काळेपणाचे पुराण सांगून झाल्यावर आम्ही ठिपका दाखविला, पाते सोडून मिटले आणि तो बारीक 'ठक्' आवाज त्यांना ऐकविला. ते कान देऊन ऐकत राहिले. पुन्हा उघडून त्यांनी स्वतः मिटले, पुन्हा ऐकले. "हे तर माझ्या लक्षातच आले नव्हते," ते म्हणाले. आम्ही सांगितले, परत करावयाचा तर एवढ्यासाठी करा. पाते आहे तेच ठेवा आणि मिटणे तेवढे नीट करून द्या, असे लिहा. हे मागण्याचा तुम्हांला पुरा हक्क आहे. त्यांना ते पटले.

पत्राचा मसुदा त्यांनी आमच्याच टेबलाशी बसून केला. पहिल्या ओळीत फट होती. ती आम्ही खोडली. त्यांनी कागद ओढून घेतला आणि ती शेवटच्या ओळीत पुन्हा लिहिली.